उरलेल्या गोळ्या

जीप साडेसातला येणार होती आणि मीनाचं अंगण दोनदा झाडून झालं होतं. दुसऱ्यांदा झाडताना सासूबाईंनी, साळूबाईंनी, विचारलंसुद्धा की आता काय माती उचलून नेतेस का. मीनानं खराटा ठेवला. चुलीपाशी गेली, तिथं काही काम नव्हतं म्हणून माघारी आली. आतल्या खोलीत जाऊन पिशवीतला श्रीखंडाचा डबा काढून कणगीमागं ठेवला, आणि ओसरीपर्यंत येऊन पुन्हा आत जाऊन तो पिशवीत, लुगड्याच्या घडीखाली घातला. सकाळपासून हे चौथ्यांदा चाललं होतं.

ओसरीवर बाजेवर तिचा नवरा अंगद पडला होता. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडं बघत नव्हते. डावा हात ज्यानं जिथं ठेवला तिथंच राहायचा. मोसंबीची दोन-दोन क्रेटं एकदम उचलून टेम्पोत टाकणारा हा चाळिशीतला गडी. महिन्यापूर्वी डोकं दुखायला लागलं, मग बारीक ताप. मग एक दिवस सदरा उलटा घालून बाजाराला निघाला. मग पोरीला, प्रियाला, मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि आपलं काही चुकलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. गेल्या शुक्रवारी चहाची बशी हातातून सुटली आणि हात तसाच लोंबत राहिला.

गावात डॉक्टर कमी आणि इलाज सांगणारे उदंड. वारं गेलं अंगावरून, लकवा आहे, असं गल्लीनं ठरवून टाकलं. तरी काकासाहेबांनी, म्हणजे मीनाच्या सासऱ्यांनी, पोराला आधी तालुक्याला एका खासगी डॉक्टरकडं नेलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढून आणायला लावला. फोटोत तीन गाठी निघाल्या. टीबीच्या असतील, नाहीतर वाईट जातीच्या असतील, संभाजीनगरला न्या, कवटीला भोक पाडून तुकडा तपासावा लागेल, असं डॉक्टरनं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. कवटीला भोक हे ऐकलं आणि काकासाहेब खुर्चीतून उठलेच.

त्याआधी डॉक्टरनं एक गोष्ट विचारली होती. याला आधीचा काही आजार आहे का, काही गोळ्या चालू आहेत का? काकासाहेबांनी छाती काढून सांगितलं की माझ्या पोराला कधी साधं पडसं झालेलं नाही. मीना त्यांच्या पाठीमागं, दाराशी उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हापासून चार दिवस तिला एका जागी बसवत नव्हतं.

कारण मीनाला माहीत होतं. अंगदला एचआयव्ही होता, आणि तिलाही. सहा वर्षांपूर्वी अंगदला नागीण झाली, ती बरी होईना, म्हणून रक्त तपासलं तेव्हा कळलं. मग तिचंही तपासलं. प्रियाचं तपासलं, ते देवाच्या कृपेनं चांगलं निघालं. लग्नाआधी अंगद तीन वर्षं पुण्याकडं कंपनीत कामाला होता. त्या दिवसांबद्दल त्यानं तिला एकदाच सांगितलं, तिनं एकदाच ऐकलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं की हे तिसऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही. गोळ्या जालन्याला मिळत होत्या. पण जालन्याच्या दवाखान्यात गावातलं कुणी ना कुणी भेटणारच. मीनाचं माहेर शहागडचं. गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. ती महिन्याला आईला भेटायला म्हणून शहागडला जायची, पूल ओलांडून तिकडच्या सरकारी केंद्रातून गोळ्या आणायची, आणि घरी आल्यावर त्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची. सून दर महिन्याला माहेरी पळते, हे साळूबाईंचं सगळ्या भावकीला ऐकवून झालं होतं.

इथवर ठीक होतं. त्या केंद्रावर एक रीत होती. नव्या गोळ्या देताना जुनी बाटली उघडून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. तिथं धम्मपाल सर म्हणून समुपदेशक होते, माणूस फार मायाळू. पण दोन गोळ्या जरी जास्त उरल्या तरी समोर बसवून विचारायचे, कोणत्या दिवशी चुकली, का चुकली. मागल्या वर्षी मोसंबीच्या हंगामात अंगद माल भरायला मंडईत मुक्कामाला असायचा. तिथं त्याचा दोस्त राधेश्यामनं बाटली उचलून हसत विचारलं, कसली गोळी खाऊन राह्यला रे? राधेश्यामच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून अंगदनं बाटली बाहेर न्यायची सोडली. पहिल्या महिन्यात चार गोळ्या उरल्या. मीनाला वाटलं, चारच तर आहेत, उगीच सरांसमोर खाली मान कशाला. तिनं त्या चार काढून ठेवल्या आणि मोजणी बरोबर आली. पुढच्या महिन्यात नऊ उरल्या. मग सतरा. मी ठणठणीत आहे, असं अंगद दंडावर थाप मारून म्हणायचा. तिनं कटकट केली, रुसली, एकदा रडलीसुद्धा. पण मोजणी तिनं दर महिन्याला बरोबरच आणली. अंगदला रक्त तपासायला घेऊन या, असं सरांनी तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मोसंबीच्या तोडणीची सबब सांगितली. औषध फेकवत नाही, म्हणून उरलेल्या गोळ्या ती श्रीखंडाच्या डब्यात टाकत गेली. आता डबा भरत आला होता.

आणि काकासाहेबांना हे गुपचूप सांगायची सोय नव्हती. त्यांचे कान दहा वर्षांपूर्वीच गेले होते. पोरानं कानातलं यंत्र घेऊन दिलं होतं, ते खराब होऊ नये म्हणून ते कपाटात जपून ठेवत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीशी बोलायचं. साळूबाईंना सांगावं तर त्या आधी ऊर बडवतील आणि मग ऐकतील. मीनानं चार दिवसांत दहा वेळा सुरुवात केली आणि दहा वेळा दुसरंच काहीतरी विचारून आली.

जीप आली. राधेश्यामचीच होती. मंठ्याच्या अंगाला एका वस्तीवर लकव्याचं औषध देणारा एक जण होता, तिकडं जायचं होतं. त्याचं पथ्य कडक: एकवीस दिवस इंग्रजी गोळी बिलकुल बंद, आणि पारव्याच्या ताज्या रक्तानं मालीश. पारवे ज्याचे त्यानं आणायचे. काकासाहेबांनी दोन पारवे पैदा करून पाटीखाली झाकून ठेवले होते. अंगदला मधल्या सीटवर साळूबाईंच्या मांडीवर निजवलं, काकासाहेब पुढं बसले, आणि मीना मागच्या बाकड्यावर, पायाशी पारव्यांची पाटी आणि मांडीवर पिशवी घेऊन. प्रियाला गावातच शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. जीप हलली तसे पारवे फडफडले, आणि मग सारा रस्ता फडफडतच राहिले.

परतूर मागं पडलं. दोन्ही बाजूंनी कापूस वेचून झालेली काळी रानं, मध्येच एखादी हिरवी मोसंबीची बाग. मीनाचं बाहेर लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: वाटूरच्या फाट्यावरून डावीकडं जालना, उजवीकडं मंठा. फाटा येईपर्यंत बोलायचं. रांजणभर धीर गोळा करावा आणि तळाला भोक असावं, तसं तिचं झालं होतं.

फाटा दोन किलोमीटरवर असताना अंगदचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डावा हात, जो शुक्रवारपासून मेल्यासारखा पडला होता, तो आपोआप उडायला लागला. मग सगळं अंग. साळूबाई किंचाळल्या. राधेश्यामनं जीप तशीच दामटली आणि फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलासमोर उभी केली. तोवर झटका ओसरला होता, अंगद घोरल्यासारखा श्वास घेत होता आणि ओठांच्या कोपऱ्यातून फेस येत होता. लोक जमले. कुणी कांदा हुंगवा म्हणालं, कुणी चप्पल. काकासाहेबांनी सगळ्यांना हातानं मागं सारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. राधेश्यामला म्हणाले, जल्दी कर, दहा वाजायच्या आत त्याच्या वस्तीवर पोचायला पाहिजे.

मीना जीपमधून उतरून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"मामा, तिकडं न्हाई न्यायचं. जालन्याला न्यायचं."

"काय?" काकासाहेबांनी कानामागं हात धरला.

तिनं एकदा भोवतीच्या माणसांकडं पाहिलं. हॉटेलवाला गाळणी हातात धरून उभा होता. मंठ्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या दोन बायका होत्या, एक दूधवाला होता, राधेश्याम होता. हळू बोलायला जागाच नव्हती. मग ती जितकं मोठ्यानं बोलता येईल तितकं मोठ्यानं बोलली.

"ह्यांना एचआयव्ही हाय, मामा. मलाबी हाय. सहा वर्सं झाली. आपून डॉक्टरला सांगितलंच न्हाई, म्हणून त्याला काय कळंना. त्या बाबाकडं नेलं तर हे वाचायचे न्हाईत."

दूधवाल्यानं किटली उचलली आणि चार पावलं लांब ठेवली. राधेश्याम जीपच्या बॉनेटकडं बघत राहिला. त्याला बहुतेक मंडईतली ती बाटली आठवली असावी. साळूबाईंनी पोराचं डोकं मांडीवर आणखी घट्ट धरलं आणि पहिलाच प्रश्न केला तो असा: "कुणापासून कुणाला झालं?"

"आत्याबाई, ते इचारून ह्यांचा हात वर व्हणार न्हाई."

लग्न झाल्यापासून मीना सासूला असं उलटून बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिनं जीपचं दार धरलं. आता काकासाहेब काय करतील? इथंच सोडून जातील, हात उगारतील, की ऐकू आलं नाही असं दाखवून उजवीकडं वळायला सांगतील? त्यांना ऐकू आलं होतं. ते बराच वेळ फाट्यावरच्या पाटीकडं बघत उभे होते, जणू गावांची नावं पहिल्यांदाच वाचत होते. मग पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"राधेश्याम, जालन्याला घे," ते म्हणाले. मीनाकडं त्यांनी पाहिलं नाही.

जालन्याच्या दवाखान्याच्या दाराशी रखवालदारानं पारवे आत नेऊ दिले नाहीत, त्यावरून काकासाहेबांनी हुज्जत घातली. पोराची ही गत आणि हा माणूस पारव्यांसाठी भांडतोय, असं बघणाऱ्याला वाटलं असेल. पण मीनाला कळत होतं, त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं. शेवटी पाटी राधेश्यामच्या गळ्यात पडली.

डॉक्टर अरुंधती म्हणून एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी डोक्याचा फोटो उजेडाकडं धरला, आणि मीनानं एचआयव्ही म्हटल्याबरोबर त्यांच्या भुवया वर गेल्या. हे आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. रोजच विचारून कंटाळल्या असतील. त्यांनी सांगितलं ते मीनानं जिवाचा कान करून ऐकलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक बारीक जंतू असतो. मातीतून, मांजराच्या घाणीतून, कच्च्या राहिलेल्या मटणातून तो पोटात जातो. कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात तो जन्मभर निजून असतो, काही करत नाही. पण एचआयव्हीनं अंगातली ताकद खाल्ली की तो जागा होतो आणि मेंदूत गाठी करतो. तो असेल तर डोकं उघडायची गरज नाही, गोळ्यांनी गाठी विरतात. घरात मांजर आहे म्हणून साळूबाई लगेच मांजराला शिव्या द्यायला लागल्या, तेव्हा बाईंनी हात वर करून थांबवलं की मांजराला हाकलू नका, त्याचा दोष नाही.

मग त्यांनी अंगदचं कार्ड मागितलं, आणि धम्मपाल सरांना फोन लावला. मीना टेबलासमोर उभी होती. फोनमधला आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण काय बोलणं चाललंय ते तिला तोंडपाठ होतं. बारा महिने मोजणी बरोबर. एक गोळी जास्त नाही, एक कमी नाही.

बाईंनी फोन ठेवला आणि कपाळाला आठी पाडली. औषध इतकं नियमित असेल तर ताकद चांगली असायला हवी, मग हा जंतू उठायला नको, असं त्या शेजारच्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या. रक्ताच्या रिपोर्टला दोन दिवस लागणार. पेशंटला झटका येऊन गेलाय, दोन दिवस थांबण्यात अर्थ नाही. ही गाठ दुसरीच धरून चालू, तुकडा काढायला आजच संभाजीनगरला पाठवू. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

काकासाहेब खुर्चीत बसले होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण कागद दिसत होता. मीनाचे हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. फाट्यावर जे बोलली ते दोघांचं होतं. अर्धा भार अंगदचा होता. हे मात्र तिचं एकटीचं होतं. आपणच नवऱ्याला या खाटेवर आणून निजवलं, हे सासऱ्यासमोर कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला तिथून पळून जावंसं वाटलं. अगदी खरोखर, दारातून निघून एसटी पकडून शहागडला जावंसं वाटलं.

तिनं लुगड्याखालून डबा काढला, झाकण उघडलं आणि बाईंच्या कागदावर ठेवला. पांढऱ्या लांबट गोळ्या काठापर्यंत आल्या होत्या.

"ह्या त्यांच्याच हायेत," ती म्हणाली. "त्यांनी खाल्ल्या न्हाईत. सर रागावतील म्हणून मोजायच्या आधी मीच काढून ठेवत गेले. वर्सभर."

बाईंनी डब्यात पाहिलं, मग मीनाकडं पाहिलं. त्यांना राग आला असणार, पण तो त्यांनी गिळला. लिहिलेला कागद बाजूला सारून त्यांनी दुसरा घेतला. आधी या जंतूचं औषध चालू करू, त्या म्हणाल्या, आणि एचआयव्हीचं त्यानंतर, आम्ही सांगू तेव्हा. या डब्यातलं काही द्यायचं नाही. चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढू. गाठी लहान झाल्या तर आपण बरोबर होतो. नाही झाल्या तर मात्र डोकं उघडावंच लागेल. आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "हा डबा आणलास ते बरं केलंस."

काकासाहेब डब्याकडं बघत होते. साळूबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं, त्यामुळं रांगेतल्या सगळ्यांनाही कळलं.

पुढचे चौदा दिवस मीनानं कसे काढले ते तिलाच माहीत. गोळ्या पाण्यात कालवून नाकातल्या नळीनं द्यायच्या. दर सहा तासांनी ती नर्सच्या आधीच खाटेशी हजर. मधल्या वेळात जिन्यावरून खाली, जिन्यावरून वर. अंगदच्या डाव्या हाताला ती तासातासानं चिमटा काढून बघायची, इतका की नर्स रागावली, की लकव्यानं नाही तर तुझ्या चिमट्यांनी हात काळानिळा पडायचा. पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी अंगदनं पाणी मागितलं. अकराव्या दिवशी राधेश्याम प्रियाला घेऊन आला, आणि पारव्यांनी जीपच्या टपावर घाण करून ठेवलीय, कुणीतरी घेऊन जा, अशी त्यानं कुरकुर केली. प्रियानं बापाचा डावा हात हातात घेतला. करंगळी हलली. अंगदनं लेकीला नाव घेऊन हाक मारली, आणि ते नाव तिचंच होतं.

या सगळ्यात काकासाहेब मीनाशी एक शब्द बोलले नाहीत. भाकरीचा डबा आणायचे, खाटेवर ठेवायचे, खाली पारावर जाऊन बसायचे. काही सांगायचं झालं तर साळूबाईंना सांगायचे. साळूबाईंचं एक बरं होतं, त्या रोज थोडं रडून, थोडं बोलून मोकळ्या होत होत्या. हे गप्प राहणं मीनाला जड जात होतं. त्यांनी एकदा शिव्या दिल्या असत्या तरी तिला रात्री डोळा लागला असता.

चौदाव्या दिवशी दुपारी फोटो झाला. तीनपैकी एक गाठ दिसेनाशी झाली होती आणि दोन निम्म्यावर आल्या होत्या. अरुंधतीबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. अजून पुष्कळ महिने औषध लागेल, त्या म्हणाल्या, आणि या वेळी मोजणी खरी हवी. मीनानं मान हलवली. तिला रडायचं होतं, पण वॉर्डात तीस माणसं होती.

संध्याकाळी जेवणं झाली. मीनाची गोळी रोज आठची. सहा वर्षांत तिची एकही चुकली नव्हती, या चौदा दिवसांतही नाही. फाट्यावर आणि दवाखान्यात सगळ्यांना कळून चुकलं होतं, तरी सवय जात नव्हती. ती बाटली पदराखाली धरून संडासाच्या बाजूच्या नळावर जायची आणि भिंतीकडं तोंड करून गिळून यायची. त्या दिवशीही उठली.

काकासाहेब खाटेच्या पायथ्याशी बसले होते. त्यांच्या कानात काहीतरी चमकलं. कपाटातलं यंत्र. कधी मागवून घेतलं होतं कुणास ठाऊक. ते घातलं तरी बोलायचा आवाज काही कमी झाला नव्हता.

"मीना," त्यांनी हाक मारली, आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "नळावर कुठं चालली? तुझी गोळी हितंच घे. पाणी हाय हितं."

त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला पुढं केला. थोडं पाणी अंगदच्या चादरीवर सांडलं.

"आजपासून दोघांनीबी माझ्याम्होरं घ्यायची. मोजाया मी हाय."

मीनानं बाटली पदराखालून काढली. पेला घेतला आणि तिथंच, खाटेपाशी, सगळ्यांच्या देखत गोळी गिळली.